घशाशी येणारे अन्न आणि नातवाचा न्यूमोनिया

असोद्यातील एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाला सेरेब्रल पाल्सी. वर्षभरात तिसऱ्यांदा न्यूमोनिया. "डॉक्टरसाहेब, खोकला औषधाने जातो, पण जेवण घशाशी येणे थांबत नाही," त्या म्हणाल्या. निदानाची दिशा त्या वाक्यात होती. मी मात्र दोन वेळा केवळ छातीवरच उपचार केले होते.

प्रथम एक दिलासा. तान्ह्या बाळाने दूध उलटणे हा बहुधा आजार नसतो. अन्ननलिका व जठर यांमधील स्नायूंची झडप अपरिपक्व असते. वर्ष-दीड वर्षात हा त्रास बहुतेक बाळांत आपोआप थांबतो. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे बाळाला उभे धरावे. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे.

परंतु वजन वाढत नसेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. उलटी हिरवी असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. आतड्यात अडथळा असू शकतो.

औषधे आम्ल कमी करतात. अन्नाचे वर येणे थांबवत नाहीत. तेच अन्न श्वासमार्गात जात असेल, तर 'फंडोप्लिकेशन' या शस्त्रक्रियेचा विचार होतो. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी ही पद्धत १९५६ साली प्रसिद्ध केली. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. आज फंडोप्लिकेशनही दुर्बिणीने, तीन ते पाच मिलिमीटरच्या काही छिद्रांतून होते. वेदना कमी होतात, मूल लवकर घरी येते.

तरीही ही शस्त्रक्रिया किरकोळ नव्हे. पूर्ण भूल द्यावी लागते. नंतर पोट फुगणे, ढेकर न येणे, गिळताना अडखळणे असे त्रास संभवतात. मेंदूचा विकार असलेल्या मुलांत गुंडाळी सैल होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून आधी बेरियमचा एक्स-रे, एंडोस्कोपी किंवा अन्ननलिकेतील आम्लाची चोवीस तासांची नोंद यांपैकी आवश्यक त्या तपासण्या करून घ्याव्यात आणि "शस्त्रक्रिया नाही केली तर काय होईल?" हेही बालशल्यचिकित्सकांना विचारावे.

त्या मुलाला मी बालशल्यचिकित्सकांकडे पाठवले. सोबत आजींनी वहीत लिहिलेली जेवणाच्या वेळांची, उलट्यांची व वजनाची नोंद होती. आजी-आजोबांनो, अशी वही आपणही ठेवा. मुलाला दिवसभर पाहणारे डोळे आपले असतात. आम्हाला ते दहाच मिनिटे दिसते.