ठिणगी पडते, पण बार होत नाही!

गेल्या विकांताला लॅपटॉप बंद ठेवून मी चक्क एक बग शोधत होतो. तोही चकमकीच्या बंदुकीतला! हसू नका, सांगतो.

मी सध्या पेनसिल्वेनियात असतो. इथे 1974 पासून चकमकीच्या बंदुकीने हरणांची शिकार करायचा वेगळा हंगाम आहे, नाताळनंतर. आमच्या टीममधले साठीचे एक सहकारी त्याचे भक्त. मागच्या हंगामात त्यांनी चाप ओढला, रंजक भस्सकन पेटलं, पण बार झाला क्षणभर उशिरा. तेवढ्यात हरीण वळलं आणि गोळी पायाला लागली. अंधार पडेपर्यंत शोधलं, सापडलं नाही. "यंदा नीट झाली नाही तर विकून टाकणार," हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

या बंदुकीची साखळी सोपी आहे. घोड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, पोलादाचे जळते कण वाटीतल्या रंजकात पडतात, रंजकाची ज्वाळा नळीच्या कानातून आत जाते आणि मुख्य दारू पेटते. (तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचं आपण इतिहासात वाचलंय ना, तोच हा कान!)

त्यांच्या मित्रांचं मत एकच: चकमक आहे, चालायचंच! बरं, पुरावाही त्यांच्या बाजूने आहे. 1834 साली वुलिचला ब्रिटिशांनी चाचणी घेतली, तेव्हा 6,000 पैकी चकमकीचे 922 बार फुकट गेले, केपाच्या बंदुकीचे फक्त 36. पण सरासरी म्हणजे निदान नव्हे. मला राग येतो तो या "चालायचंच"चा. ऑफिसातही आपण हेच करतो. कॉल फेल झाला? तीनदा रीट्राय टाका, पुढे चला!

आमच्या सहकाऱ्यांचा रीट्राय म्हणजे जास्त रंजक. शिवाय गारगोटी, दारू, सगळं एकदम बदलायचं. मी म्हटलं, वही काढा, एका वेळी एकच गोष्ट बदलू. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून अंधाऱ्या गॅरेजमध्ये नुसत्या ठिणग्या बघितल्या. झकास! म्हणजे गारगोटी आणि पट्टी सुटल्या. मग कानात बारीक ब्रश घातला, तो तेलाने काळा होऊन बाहेर आला. साफ केल्यावर लावलेलं तेल आत साचून दारू ओली करत होतं. वर वाटी इतकी भरायचे की रंजक कानातही शिरायचं. मग ते एकदम भडकण्याऐवजी वातीसारखं जळत जायचं. उशीर तिथेच!

तेल कोरड्या फडक्याने पुसलं, कान तारेने मोकळा केला, रंजक निम्म्यावर आणलं. रेंजवर वीस बार काढले. एकोणीस झाले, तेही झटकन. विसावा नाही झाला. नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच धरून मिनिटभर थांबलो, मग बघितलं तर गारगोटीची धार गेली होती.

"म्हणजे शंभर टक्के नाहीच," सहकारी म्हणाले. नाहीच. पण आता विसाव्याचं कारण वहीत आहे, आणि धार कधी काढायची तेही. माझ्या मते भरवसा म्हणतात तो यालाच. जे कधीच बिघडत नाही असं यंत्र मी तरी अजून पाहिलेलं नाही.

असो. बंदूक विकायचं रद्द झालंय. आणि सोमवारी मला माझे तीन रीट्राय काढायचेत!