छातीवरची पदके पुसू नका

जुने फोटो दुरुस्त करून, रंगवून, मोठे करून देण्याचे काम आता तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतही होते. त्यात फौजी पोशाखातले आजोबा-पणजोबा पुष्कळ असतात. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या पट्ट्यात तर विशेषच. घरच्यांची मागणी साधी असते. चेहरा स्वच्छ दिसावा, डाग जावेत, रंग भरावा, म्हणजे भिंतीवर लावून हार घालता येईल. कारागीरही मग सगळी मेहनत चेहऱ्यावर घेतो आणि छातीवरचा भाग सॉफ्टवेअरच्या हवाली करतो. त्या माणसाने कुठे आणि कधी नोकरी केली याचा घरात उरलेला एकुलता पुरावा पुष्कळदा नेमका तिथेच असतो, आणि तो दोन मिनिटांत गुळगुळीत होऊन जातो.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि कूट-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या. वेढा डिसेंबर 1915 च्या पहिल्या आठवड्यात पडला. उपासमारीने खंगलेल्या फौजेने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. आज एखाद्या घरात ‘पणजोबा कूटला होते’ असे सांगतात. फोटोत त्यांच्या छातीवर दोन पदके आहेत की तीन, हे आता पाहायचे. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही दोन गोल पदके युद्धाच्या शेवटच्या वर्षात रणभूमीवर पोचलेल्यालाही मिळाली. तिसरे, चार टोकांचे आणि मध्ये तिरप्या तलवारी असलेले 1914-15 स्टार मात्र 1915 साल संपण्याआधी तिथे पाय ठेवलेल्यालाच मिळाले. कूटच्या वेढ्यात सापडलेला प्रत्येक शिपाई या अटीत बसतो. म्हणजे समोरून पाहताना डावीकडचा पहिला ठिपका गोल आहे की टोकदार, यावर घरातली आठवण टिकते की तिला प्रश्न विचारावा लागतो, हे ठरते. स्टार नाही एवढ्यावरून आठवण खोटी ठरवू नये, पदक हरवलेले किंवा मिळायचे राहिलेलेही असू शकते. पण आपल्या रिटचिंगने त्या टोकदार ठिपक्याचे गोल पदक केले, तर पुढे कोणी प्रश्नसुद्धा विचारणार नाही.

ही गोल पदके 1919 मध्ये सुरू झाली. ती छातीवर असतील, तर फोटो ‘लढाईवर निघण्याआधी काढलेला’ असूच शकत नाही. अशी साधी गोष्ट ग्राहकाला समजावून सांगितली, तर घरचा माणूसही फोटोकडे वेगळ्या लक्षाने पाहू लागतो.

रंग भरणाऱ्यांशी थोडे कठोर बोलावे लागेल. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार आणि लाल रंगाला जवळजवळ मुळीच दाद देत नसत. त्यामुळे लाल काळपट उमटे, नारिंगी गडद होई, निळे फिके पडे. ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीत मधला रुंद पट्टा नारिंगी, त्याला लागून दोन्ही बाजूंना पांढरा, मग काळा आणि कडेला निळा असतो. फोटोत मधला पट्टा गडद दिसतो आणि कडा उजळ. करड्या छटांवरून रंग ताडणारे सॉफ्टवेअर त्यातून भलतीच फीत तयार करते. मराठा पलटणींचा समारंभी कोट लाल असे. तोही अशा फोटोत काळा भासतो आणि रंगवताना सर्रास गडद निळा होतो. नातवंडे मग तोच निळा कोट खरा मानतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांचे कोडे निराळे आहे. 1939-45 स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार हे सगळे एकाच घाटाचे सहा टोकांचे तारे. नाव मधल्या वर्तुळावर असते आणि ते फोटोत वाचता येत नाही. ओळख पटते ती फितीच्या पट्ट्यांवरून. आफ्रिका स्टारची फीत दोन्ही बाजूंना सारखी नसते. बदामी रंगावर मध्ये रुंद लाल, एका बाजूला गडद निळा आणि दुसऱ्या बाजूला फिका निळा अरुंद पट्टा. गडद निळा समोरून पाहताना डावीकडे हवा. तो उजवीकडे दिसला, तर फोटो उलटा छापला गेला आहे का, हे तपासा. कोटाची कोणती बाजू वर आली आहे आणि पदके कोणत्या बाजूला आहेत, यावरून खात्री होते. पुरुषांच्या कोटात डावी बाजू वर येते आणि पदके डाव्या छातीवर असतात. फोटो उलटा असेल तर तो सुलटा करून मगच पुढचे काम करावे.

बिल्ले आणि बटणे चेहऱ्याइतकीच जपावीत. बटणावर किंवा बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट असेल, तर तो पोशाख 1950 च्या आधीचा. टोपीवर बिगुल असेल, तर पलटण लाइट इन्फन्ट्रीची किंवा रायफल्सची. महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा स्तंभ होता, स्वातंत्र्यानंतर तिथे खंजीर आला. एवढ्या एका खुणेवरून फोटोचा काळ सांगता येतो, आणि ती खूण नखाएवढ्या जागेत असते. खाकी कपडे दिसले की ‘मिलिटरी’ म्हणून मोकळे होऊ नये, हेही सांगायला हवे. पोलीस, जंगलखाते, कोल्हापूरसारख्या संस्थानांच्या फौजा यांचे पोशाख दुरून सारखेच दिसतात.

फोटो हाती आला की ग्राहकाला आधी विचारा, पदके घरात आहेत का? पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती घासूनपुसून चकचकीत करू नका, असे बजावून सांगा, कारण घासण्याने अक्षरे झिजतात. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे. अनेक घरांतून ते सोनाराकडे गेले, आणि तिथे फोटोतला तो ठिपकाच काय तो उरला आहे.

आमचे व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे असे. कोणतीही दुरुस्ती करण्याआधी फोटो चौकटीतून काढून पुढून आणि मागून मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करा. मागचा स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव त्या स्कॅनमध्ये आलेच पाहिजे. छाती, खांदे, बाह्या आणि टोपी यांचे वेगळे मोठे स्कॅन ठेवा. पदकांवर हात चालवू नका. ती अंधूक असतील तर अंधूक राहू द्या. रंग ठाऊक नसेल तर तेवढा भाग करडा ठेवा आणि तसे ग्राहकाला सांगा. काम देताना रंगीत प्रतीबरोबर मूळ स्कॅनची फाइलही द्या, आणि त्या फाइलचे वेगळे पैसे घेऊ नका.