ग्रंथालयाचा तास

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ग्रंथपालबाईंनी बातमीचे कात्रण फलकावर लावले व खाली लिहिले, 'कन्नडला हा मान 2008 मध्ये मिळाला.' फलकापाशी गर्दी झाली. पण त्या दिवशी एकानेही पुस्तक घरी नेले नाही.

दोष आमचाही आहे. परीक्षा जवळ आली की ग्रंथालयाचा तास आम्हीच गणिताला देतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी वाचनाची गोडी आम्हाला ग्रंथालयानेच लावली. बेळगावात तर सार्वजनिक वाचनालय 1848 पासून आहे.

यापुढे हा तास आम्ही कोणालाही देणार नाही. पालकांनी पाल्यासोबत आठवड्याला एक पुस्तक वाचावे, विश्वस्तांनी नव्या पुस्तकांसाठी तरतूद करावी, ही नम्र विनंती.