यंत्रांशी गप्पा : काका आधी फेरी का मारतात?

बालदोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगहून एक झकास पत्र आलंय. लिहिणारा दोस्त सातवीत शिकतो. तो म्हणतो, "आमच्या गल्लीत नळाचे पाइप टाकायला छोटं जेसीबी आलं आहे. शाळेत जाताना आम्ही ते रोज बघतो. पण ऑपरेटरकाका आल्या आल्या काम सुरूच करत नाहीत. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसते मशीनभोवती फिरतात, वाकून वाकून बघतात. आणि आम्ही जरा जवळ गेलो की हाकलून लावतात. असं का?"

प्रश्न एक नाही, दोन आहेत. काका फेरी का मारतात आणि काका हाकलतात का? दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. पण त्याआधी नावाचा घोळ मिटवू या.

जेसीबी की पोकलेन?

आपण माती खणणाऱ्या कुठल्याही यंत्राला 'जेसीबी' म्हणतो. खरं म्हणजे ते एका माणसाचं नाव आहे, बरं का! जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांनी १९४५ साली कंपनी काढली, तिला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली. ही कंपनी १९७९ साली भारतात आली. पुण्याजवळ तळेगावलाही तिचा कारखाना आहे. चार टायर, पुढे मोठं सूप आणि मागे खणणारा हात असलेलं तिचं पिवळं यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

चेनवर चालणाऱ्या आणि कॅबिनसकट गरगर फिरणाऱ्या यंत्राला आपल्याकडे 'पोकलेन' म्हणतात. हेही एका कंपनीचंच नाव! फ्रान्समध्ये १९२७ साली ही कंपनी सुरू झाली. भारतात लार्सन अँड टुब्रो कंपनी तिच्या सहकार्याने ही यंत्रं बनवत असे. पुढे यंत्रांवरून ते नाव गेलं, पण आपल्या जिभेवर मात्र ते कायमचं बसलं. वनस्पती तुपाला लोक 'डालडा' म्हणतात ना, तसंच!

अनसिंगच्या दोस्ताने पत्रात यंत्राचं चित्र काढलंय. त्यात चेन आहे, म्हणजे ते आहे छोटं पोकलेन. त्याचं पुस्तकी नाव 'मिनी एक्स्कॅव्हेटर'. अशी छोटी यंत्रं १९७०च्या आसपास जपानमध्ये पुढे आली. तिथली शहरं दाट, गल्ल्या अरुंद. मोठं पोकलेन वीस-वीस टनांचं असतं, ते तिथे शिरणार कसं? म्हणून एक ते सहा टनांची छोटी भावंडं तयार झाली. आपल्याकडेही २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं आणि घरोघरी नळ नेण्यासाठी गावोगावच्या बोळांतून चर खणले जाऊ लागले. अशा बोळात छोट्या पोकलेनला पर्याय नाही.

नखावर दोन क्विंटल!

आता तुमचा स्वतःचा हात समोर धरा. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे पोकलेनचा 'बूम'. कोपरापासून मनगटापर्यंतचा 'आर्म'. आणि पंजा म्हणजे 'बकेट'. तुमचा हात स्नायू हलवतात. पोकलेनचा हात कोण हलवतं? तेल!

इंजीन एक पंप फिरवतं. तो पंप तेलाला जाड रबरी नळ्यांतून चकचकीत दांड्यांच्या सिलिंडरमध्ये ढकलतो. तेल दाबून लहान होत नाही, त्यामुळे दांडा बाहेर सरकतो आणि हात उचलला जातो. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा नियम तुम्ही वाचाल.

हा दाब किती असतो, ठाऊक आहे? मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या सुमारे शंभरपट! म्हणजे तुमच्या बोटाच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल सोयाबीन ठेवल्यासारखं. मग अशा नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर? तेलाची बारीक चिळकांडी उडते, ती कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही. पण ती कातडी भेदून आत घुसू शकते. जखम दिसते मुंगी चावल्याएवढी, पण आत तेल पसरून बोट, कधी हातसुद्धा गमवावा लागतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते. आधी इंजीन बंद करून दाब उतरवायचा. तपासायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून पुढे धरायचा. आणि तेल कातडीत घुसलंच, तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा!

फेरीत काय बघतात?

आता काकांची सकाळची फेरी तुमच्या लक्षात येईल. काका आधी बघतात जमिनीकडे. रात्रभर यंत्र उभं होतं तिथे तेलाचा डाग पडलाय का? डाग असेल तर कुठेतरी गळती आहे. मग नळ्या बघतात. कुठे फुगलीय, घासलीय, तडकलीय का? मग इंजिनातली ऑइलची काडी काढून, पुसून, पुन्हा घालून पातळी बघतात. हायड्रॉलिक तेलाची पातळी बाजूच्या छोट्या काचेतून दिसते. ती बघताना यंत्र सपाट जागी आणि हात सांगितलेल्या स्थितीतच हवा, नाहीतर काच खोटं बोलते. रेडिएटरमधलं पाणी बघायचं ते इंजीन थंड असतानाच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पुढे एअर फिल्टर. आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा किती उडतो! फिल्टर तुंबला की इंजिनाचा श्वास कोंडतो. मग बकेटचे दात घट्ट आहेत का आणि चेन नीट ताणलेली आहे का, ते बघतात. चेन फार ढिली असेल तर निसटते, फार ताठ असेल तर लवकर झिजते. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल तर चेनच्या चाकांत अडकून वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. म्हणून तो संध्याकाळी ओला असतानाच काढायचा.

शेवटी ग्रीस. हाताच्या प्रत्येक सांध्यात एक जाड खीळ असते. तिथे ग्रीसगनने ग्रीस भरायचं. भरण्याआधी तोंड कापडाने पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी बैलांचे खांदे शेकतात, तूपहळद चोळतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून ही माया. पोकलेनच्या सांध्यांना मात्र अशी खांदशेकणी वर्षातून एकदा पुरत नाही. ती जवळजवळ रोजच करावी लागते!

हे सगळं झाल्यावर काका कॅबिनमध्ये चढतात, सीटबेल्ट लावतात आणि हॉर्न वाजवतात. सीटबेल्ट कशाला? यंत्र कलंडलं तर माणूस बाहेर उडी मारायला बघतो आणि त्याच यंत्राखाली सापडतो. पट्टा त्याला मजबूत कॅबिनच्या आत धरून ठेवतो. छोटं पोकलेन अरुंद असतं, त्यामुळे बाजूला वजन गेलं की ते चटकन कलतं. म्हणूनच चढउतारावर चालवताना बकेट जमिनीलगत ठेवायची, भरलेली बकेट उंच धरून आडवं वळायचं नाही.

काम संपल्यावरही शिस्त आहेच. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजीन थोडा वेळ हळू चालू देऊन मग बंद करायचं, दांड्या हलवून नळ्यांतला दाब उतरवायचा, सेफ्टी लॉक लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. किल्ली यंत्रात राहिली आणि कुणी आगाऊ पोरगं आत जाऊन बसलं तर काय होईल, ते सांगायला नको.

मग हाकलतात का?

आता दुसरा प्रश्न. काका काही तुमच्यावर रागावलेले नसतात. त्यांना तुम्ही दिसतच नाही!

पोकलेनचा हात पुढे उजवीकडे डोळ्यांच्या आड येतो, तर मागे इंजिनाचं धूड असतं. शिवाय कॅबिन फिरतं. पुढचा हात डावीकडे वळला की मागचा भाग उजवीकडे येतो. तिथे भिंत असेल आणि भिंतीपाशी तुम्ही उभे असाल, तर? यंत्राला काही कळत नाही आणि इंजिनाच्या आवाजात तुमची हाक काकांच्या कानावर जात नाही. म्हणून एक साधा नियम पाठ करून ठेवा : तुम्हाला काकांचे डोळे दिसत नसतील, तर काकांनाही तुम्ही दिसत नाही. आणि डोळे दिसले तरी लांबच थांबायचं.

दुसरी भीती चराची. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या मातीच्या ढिगाचं वजन दीड ते दोन टन भरतं. म्हणजे एका मोटारगाडीपेक्षा जास्त! आपल्याकडच्या काळ्या मातीचा तर आणखी एक स्वभाव आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. सकाळी ताठ उभी दिसणारी चराची भिंत दुपारी एकदम ढासळू शकते. आणि माती छातीपर्यंत जरी आली, तरी ती छाती आवळून धरते आणि श्वास घेता येत नाही. म्हणूनच भारतीय मानक असं सांगतं की दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्यांचा आधार द्यायला हवा. खणलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची. चर खोल असेल तर त्याच्या निम्म्या खोलीइतकी लांब. तुमचा चेंडू चरात गेला, तर काय करायचं? मोठ्या माणसांना सांगायचं. चेंडू दुसरा मिळतो.

तिसरी भीती तारांची. वर विजेच्या तारा, खाली केबल आणि पाइप. जमिनीखाली काय आहे ते आधी विचारता यावं म्हणून २०२३च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲपही सुरू केलं. वरच्या तारेला पोकलेनचा हात लागलाच, तर वीज जमिनीतूनही पसरते. अशा वेळी ऑपरेटरने आतच बसून राहायचं असतं. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत खाली उतरायचं नाही. आणि मदतीला धावत जवळ जाणं, हीच सगळ्यात मोठी चूक! लांबूनच लोकांना थांबवायचं आणि महावितरणला कळवायला सांगायचं.

आणि हो, मिरवणुकीत बकेटमध्ये उभं राहून फुलं उधळणारे लोक तुम्ही पाहिले असतील. दिसायला मजेचं वाटतं. पण बकेट मातीसाठी असते, माणसांसाठी नाही. एक दांडी चुकून हलली की बकेट उलटी होते. तेव्हा कुणी "ये, बस" म्हणालं, तरी आपण "नको काका" म्हणायचं.

२०१९च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई' बघणाऱ्या गर्दीचे फोटो देशभर गाजले होते. खणणं बघायला सगळ्यांनाच आवडतं, त्यात चूक काहीच नाही. फक्त बघण्याची जागा ठरलेली हवी. पालकांनाही एक विनंती. गल्लीत काम सुरू झालं की पहिल्याच दिवशी ऑपरेटरला भेटा, दोरी कुठपर्यंत बांधायची ते ठरवा आणि मुलांच्या शाळेची वेळ त्यांना सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. रात्री चर उघडा राहणार असेल, तर तिथे आडोसा आणि दिवा लावायची आठवणही करा.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. वापरलेल्या सिरिंजना अजिबात हात लावायचा नाही. दोन्हींत पाणी भरून त्या बारीक प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता एक अंगठा लहान सिरिंजवर आणि दुसरा मोठीवर ठेवून दोन्ही सारख्याच जोराने दाबा. कोण जिंकतं, बघा! मग मुद्दाम थोडी हवा आत जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. दांडा आता स्प्रिंगसारखा लिबलिबेल. तेलाची पातळी उतरून पंपात हवा शिरली की पोकलेनचा हातही असाच झटके खातो. काका रोज त्या छोट्या काचेत डोकावतात ते उगीच नाही!

या आठवड्याचं कोडं

पोकलेन पुढे न्यायला दोन दांड्या पुढे ढकलतात. समजा, काकांनी कॅबिन बरोबर अर्धं फिरवलं, म्हणजे त्यांचं तोंड आता चेनच्या मागच्या बाजूला आहे. आता त्याच दांड्या पुढे ढकलल्या, तर काकांना यंत्र कुठे जाताना दिसेल? थोडी मदत करतो : दांड्यांची आज्ञा चेन ऐकते, कॅबिन नाही. उत्तर पोस्टकार्डावर लिहा, आणि चालवायला बसण्याआधी ऑपरेटरला हे का ठाऊक हवं, तेही एका वाक्यात सांगा.

पुढच्या आठवड्यात भेटू विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीला. तोवर अच्छा!