लाल रंगाची झडती



परवा मधल्या सुट्टीत आमच्या मढच्या शाळेत एक गंमत झाली. चौथीतल्या एका मुलाने डब्याबरोबर सॉसची बाटली आणली होती. लालभडक! वर सगळी परदेशी अक्षरं. त्याचा मामा बोटीवर कामाला आहे, त्याने ती आणलेली. डबे राहिले बाजूला, पोरांची गर्दी जमली बाटलीभोवती.

"बाई, फॉरेनचा सॉस आहे. म्हणजे एकदम चांगला!"

मी म्हटलं, "यात काय काय घातलंय, ते वाचून दाखव बघू." त्याला वाचता येईना. खरं सांगू? मलाही येईना. मग त्यानेच विचारलं, "बाई, बाहेरून आलेलं खाणं कुणी तपासतच नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आज त्याचंच उत्तर.

दुकानात विकायला येणारा परदेशी सॉस मोठमोठ्या कंटेनरमधून येतो. मुंबईजवळ तो उतरतो उरणच्या बाजूला, न्हावाशेवा बंदरात. तिथे कस्टमबरोबर आणखी एक खातं त्याची वाट बघत असतं. त्याचं नाव भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय. आधी कागदपत्रं बघतात. मग गरज वाटेल तो माल उघडून लेबल तपासतात. पदार्थात काय आहे ते हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेलं हवं, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. नंतर नमुना घेऊन त्याचे दोन भाग करतात आणि सील लावतात. एक भाग प्रयोगशाळेत जातो, दुसरा जपून ठेवतात. निकालाबद्दल तक्रार आलीच, तर हा दुसरा भाग कामाला येतो. नमुना नापास झाला की माल देशात येत नाही. तो परत तरी जातो, नाहीतर नष्ट तरी होतो. मामाने घरच्यांसाठी पिशवीतून आणलेली बाटली मात्र या रांगेत उभी राहत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? चाखून बघावं की! मग एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि वरून चिमूटभर मिरचीपूड भुरभुरा. पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असेल, तर रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसतील. पण रेघ दिसली नाही म्हणजे पूड चांगलीच आहे, असं समजू नका! काही रंग पाण्यात विरघळतच नाहीत, तेलात विरघळतात. त्यांतलाच एक 'सुदान-१'. हा रंग मेण आणि बुटाच्या पॉलिशसारख्या वस्तूंसाठी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग होतो असं आढळलं, म्हणून खाण्यात तो घालायला बंदी आहे. पण जुनी, फिकी पडलेली मिरचीपूड त्याने ताजी दिसते, म्हणून लबाड माणसं तो घालतात. जीभ फसते, डोळे फसतात, पाण्याचा पेलासुद्धा फसतो. पकडतं ते प्रयोगशाळेतलं यंत्रच.

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. २००५ सालच्या फेब्रुवारीतली. इंग्लंडमध्ये तयार झालेला वूस्टर सॉस इटलीत गेला होता. तिथल्या तपासणीत त्यात सुदान-१ सापडला. झालं! इंग्लंडमध्ये धावपळ उडाली. कारण हा सॉस नुसता बाटलीत राहिला नव्हता. थोडाथोडा करून तो पाय, सूप, पिझ्झा, तयार जेवणं अशा कितीतरी पदार्थांत गेला होता. चारशेहून अधिक पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. तिथल्या अन्न खात्याने सांगितलं, की धोका अगदी थोडा आहे, घाबरू नका. पण हे पदार्थ खाऊ नका.

सॉसमध्ये तो रंग आला कुठून? मिरचीपुडीतून. आणि ती मिरचीपूड आली होती कुठून?

आपल्या भारतातून.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं होतं. २००३ साली फ्रान्समध्ये भारतीय मिरचीच्या पदार्थांत हाच रंग सापडला होता. तेव्हा युरोपीय संघाने नियम केला, की मिरचीपुडीबरोबर तपासणीचा दाखला हवाच. पण ही पूड त्याआधीच, २००२ साली इंग्लंडला पोहोचली होती. तपासणीचं दार लागायच्या आधी आत शिरलेली चिमूटभर लबाडी तीन वर्षांनी बाहेर पडली.

चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली. सगळे गप्प झाले. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची आजी तर मसाल्याच्या मिरच्या एकेक करून निवडते." खरंच आहे. उन्हाळ्यात आमच्या कोळीवाड्यात एकीकडे बोंबील वाळतात, दुसरीकडे चटईवर मिरच्या. आजी देठं काढते, पांढरी पडलेली मिरची बाजूला टाकते आणि मगच डंकावर पाठवते. तिच्यावर कुठला साहेब नजर ठेवून नसतो. पण तो मसाला तिची नातवंडं खाणार असतात!

इंग्लंडातली मुलंही कुणाची तरी नातवंडंच होती. पुडीत रंग मिसळणाऱ्याला ती दिसली नाहीत, एवढंच. म्हणून बंदरावरचा तपासनीस लागतो. 'फॉरेनचं म्हणजे चांगलं' हे जसं खरं नाही, तसं 'आपलं म्हणजे शुद्ध' हेही आपोआप खरं ठरत नाही.

आता या रविवारचा अभ्यास. आईबाबांबरोबर स्वयंपाकघरातली सॉसची बाटली घ्या. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक शोधा. काय काय घातलंय ते मोठ्याने वाचा. तारीख बघा. बाटली बाहेरची असेल, तर आयात करणाऱ्याचा पत्ता शोधा. नाहीच सापडला, तर दुकानदारकाकांना विचारा. विचारायला लाजायचं नाही.

आणि हो, त्या मुलाने बाटली न उघडताच घरी नेली. "मामाला विचारतो, यात काय आहे ते," म्हणाला.

तुमच्या,
बाई