आधी ध्वनी, मग अक्षर

‘लेकरू शिकायला ठेवले आहे, खेळायला नव्हे,’ असे पालकांचे बोल निवासी शाळांतील शिक्षकांना अनेकदा ऐकावे लागतात. या बोलांना हसण्याचे कारण नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील आई-वडिलांना पाटीवरचे प्रत्येक अक्षर ही कष्टाने मिळविलेली मिळकत वाटते. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर जाताना सहा वर्षांचे मूल वसतिगृहात सोडणे सोपे नसते. ते वर्गात चिंचोके मांडीत बसलेले दिसले, तर त्यांच्या मनात शंका येणारच. तरीही माझे स्पष्ट मत असे की, पहिलीच्या वर्गातील भाषेचा खेळ हा अभ्यासातून चोरलेला वेळ नसून अभ्यासाचा पाया आहे आणि त्याची सर्वाधिक गरज आपल्याच मुलांना आहे.

ज्या घरात पुस्तके असतात, तेथील मूल मांडीवर बसून गोष्टी ऐकते, चित्राखालच्या ओळीवर बोट फिरविते. शाळेत येण्यापूर्वीच ते अक्षरांशी खेळलेले असते. आपल्या मुलांकडेही गाणी, कोडी, म्हणी यांची संपत्ती कमी नसते. उणीव असते ती बोललेला शब्द आणि लिहिलेली खूण यांना जोडणाऱ्या पुलाची. हा पूल बांधण्याआधीच त्यांच्या हाती गिरविण्याची वही देणे म्हणजे समान शिक्षण नव्हे.

मुळाक्षरे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणणारे मूल पुष्कळदा मधलाच ‘ढ’ दाखविला की अडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते. कारण त्याने क्रम पाठ केलेला असतो, ध्वनी ओळखलेला नसतो. म्हणून प्रारंभ कानापासून व्हावा. ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या, ‘आई’ म्हणताना दोन. पिशवीतून वस्तू काढून तिच्या नावाचा पहिला ध्वनी सांगणे. ‘चिमणी’तला ‘च’ आणि ‘चाका’तला ‘च’ यांतील फरक ऐकणे. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. तेथे शेवटचा ध्वनी ओळखण्याचा खेळ घ्यावा. मग जमिनीवर अक्षरे काढून त्यांवर लंगडी घालावी. एका मुलाने ‘क’ व्हावे. काना झालेल्याने त्याच्या उजवीकडे उभे राहावे, उकाराने पायाशी बसावे आणि ऱ्हस्व वेलांटीने मात्र, ध्वनी नंतर येत असूनही, धावत डावीकडे जावे. उजवे-डावे अर्थातच समोर बसून वाचणाऱ्या मुलांचे. मुलांना नेहमी चकविणारी ही गोष्ट अशी एकदा अंगाने अनुभवली की डोळ्यांना सहज उमगते.

खेळाचा आणखी एक लाभ आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल चुकत नसते. ती त्याच्या घरची बोली असते. तिला वर्गात हसू झाले, तर ते मूल प्रथम मुके होते आणि पुढे शाळाच सोडते. ‘मन’ आणि ‘मण’ यांतील भेद कानाने टिपण्याचा खेळ त्याला अपमानाविना प्रमाण भाषेपर्यंत नेतो आणि घरची बोलीही शाबूत ठेवतो.

हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभारले, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया हीच त्यांची साधने होती. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथातही लिपिशाळेचे वर्णन आहे. तेथे मुले ‘अ’ उच्चारतात आणि त्यातून ‘अनित्य’ हा बोध उमटतो. अक्षर सुटे न राहता ध्वनी आणि अर्थ यांसह येते. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवले आहे.

अर्थात, खेळ म्हणजे मोकळा गोंधळ नव्हे. कोणत्या मुलाला कोणता ध्वनी आला, कोणते अक्षर राहिले, याची नोंद शिक्षकाने ठेवलीच पाहिजे. लेखनाचा सरावही यथाकाल झालाच पाहिजे. ही शिस्त नसेल, तर पालकांची शंका खरी ठरेल.

पालकांना विनंती एवढीच, की भेटीला आल्यावर ‘किती पाने लिहिलीस?’ याऐवजी ‘कोणता नवा शब्द वाचलास?’ असे विचारावे. माजी विद्यार्थी शाळेला बाके देतात, पंखे देतात. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु वसतिगृहातील संध्याकाळ लहान मुलांना फार मोठी वाटते. त्या वेळी कोणी तासभर येऊन गोष्ट वाचून दाखविली, भेंड्या खेळविल्या, तर ते दानही तितकेच मोलाचे ठरेल.