मासा महाभारतात नव्हता

गेले दोन महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर २४० कार्डं पसरलेली आहेत. जेवायला मी स्वयंपाकघरात पाटावर बसते. एका छोट्या प्रकाशनाला नव्यानं कथा-पटकथा लिहू पाहणाऱ्या मुलांसाठी पुस्तक काढायचं आहे. गोष्ट सांगण्याच्या काही युक्त्या पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. सिनेमातली मुलं त्यांना ‘ट्रोप’ म्हणतात, मी कथारूढी म्हणते. तर या कथारूढींची नावं, त्यांचे अर्थ आणि प्रत्येकीची उदाहरणं, असं ते पुस्तक. उदाहरणं तीन तरुणांनी जमवली. ती बरोबर आहेत की नाहीत, तेवढं बघून द्यायचं काम माझ्याकडे आलं. साताऱ्यात ३१ वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवलं आहे, त्यामुळे पंधरा दिवसांत उरकेल असं मी सांगितलं होतं.

उरकलं नाही, कारण चुका मला वाटल्या होत्या त्या जागी नव्हत्या. नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, साल, बहुतेक ठिकाणी हे सगळं ठीक होतं. चूक होती ती ‘कारण’ या शब्दानंतर. हे अमक्या युक्तीचं उदाहरण आहे, कारण... आणि पुढे एक तर कोरं, नाहीतर उलटं.

पहिलंच कार्ड चेकॉव्हच्या बंदुकीचं. भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवलीत तर ती पुढे चालली पाहिजे, नाहीतर टांगू नका, असा चेकॉव्हचा आग्रह होता. १८८९ सालच्या एका पत्रात त्यानं तो एका लेखकाला कळवलाही होता. कार्डावर उदाहरण होतं ‘शोले’मधल्या गब्बरच्या पिस्तुलाचं. कारण काय, तर सिनेमात पिस्तूल दिसतं आणि पुढे चालतं.

डाकूच्या हातात पिस्तूल असणारच, ते चालणारही. त्यात पेरणी कुठे आहे? ‘शोले’मध्ये या युक्तीचं अस्सल उदाहरण हवं असेल तर ते जयच्या खिशात आहे. ते त्याचं नाणं. जखमी ठाकूरला दवाखान्यात न्यायचं की पळून जायचं, हे आगगाडीच्या प्रसंगात त्या नाण्यावर ठरतं. तेव्हा तो आपल्याला दोन भुरट्यांचा खेळ वाटतो. शेवटी पुलापाशी कोणी थांबायचं, हेही नाण्यावरच ठरतं. जय मेल्यावर वीरू ते नाणं उलटून बघतो, तर दोन्ही बाजूंना एकच छाप. आता ते नाणं गोष्टीतून काढून बघा. जय तरीही मरेल, पण तो नशिबानं हरलेला नव्हता, प्रत्येक वेळी त्यानं स्वतःच निवड केली होती, हे आपल्याला कधी कळणार नाही. जी वस्तू काढली की मागचा सगळा सिनेमा बदलतो, ती बंदूक. गब्बरचं पिस्तूल काढून त्याच्या हातात रायफल दिली तर काही बिघडत नाही.

‘काढून बघा’ ही कसोटी मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. एका विद्यार्थिनीमुळे ती मला सापडली. तो प्रसंग सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यात चूक माझी होती.

नोकरीची अकरा वर्षं झाली असतील. वर्गात शाकुंतल चाललं होतं. दुर्वासाचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून तिचं परत येणं, राजाला झालेली आठवण, हे सगळं मी महाभारतातली कथा म्हणून सांगत असे. कालिदासानं ती कथा घेऊन सुंदर नाटक केलं, असं माझं ठरलेलं वाक्य होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आमचे आजोबा महाभारत वाचतात. ते म्हणतात, त्यात मासा नाही.” मी तिला बघून सांगते म्हटलं आणि संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन आदिपर्वाचं भाषांतर उघडलं. मासा नव्हता. अंगठी नव्हती. शापही नव्हता.

आदिपर्वातली शकुंतला मुलाला हाताशी धरून दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. ती त्याला भर सभेत सुनावते, सत्याची आठवण देते आणि निघते. तेव्हा आकाशवाणी होते. मग राजा मंत्र्यांना आणि पुरोहिताला सांगतो, की हे मलाही माहीत होतं, पण केवळ हिच्या शब्दावर मुलाला स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा वर्षांत किती मुलांना मी हे चुकीचं सांगितलं, हा हिशेब होताच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की कालिदासानं नेमकं काय केलं तेच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. शाप आणि अंगठी काढून बघितली तर दुष्यंत खोटं बोलणारा राजा उरतो. त्या दोन गोष्टी घातल्या की तो विसरलेला राजा होतो, आणि नाटक फसवणुकीचं न राहता विरहाचं होतं. हा केवढा निर्णय आहे! महाभारतातून आलेली गोष्ट म्हटलं की तो निर्णयच पुसला जातो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी वर्गासमोर उभं केलं आणि तिच्या आजोबांचं बरोबर आहे हे सांगितलं. मग आम्ही दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

वाचताना मुलांनीच शोधलं की अंगठी चौथ्या अंकात अचानक उगवत नाही. पहिल्याच अंकात झाडांना पाणी घालण्याच्या ऋणातून शकुंतलेला सोडवण्यासाठी राजा आपली अंगठी पुढे करतो, तिच्यावरचं नाव मैत्रिणी वाचतात. थट्टेत येऊन गेलेली ही वस्तू पुढे सगळ्या नाटकाचा भार उचलते. चेकॉव्हच्या कित्येक शतकं आधी हे काम इतक्या हलक्या हातानं झालेलं आहे.

आता टेबलावरचं कार्ड. ‘कलाटणी: शाकुंतलमधील शाप’. कलाटणी म्हणजे प्रेक्षकाला नकळत काहीतरी उलटणं. पण शाप प्रेक्षक ऐकतात, अनसूया-प्रियंवदा ऐकतात. शकुंतलेला मात्र तो ठाऊक नसतो. पाचव्या अंकात ती अंगठी दाखवायला हात पुढे करते आणि बोट रिकामं असतं, तेव्हा आपला जीव कासावीस होतो तो आपल्याला सगळं माहीत असल्यामुळे. कार्डावर नेमकं उलट लिहिलं होतं. या कार्डावरून मुलांना कळणार की प्रेक्षकापासून लपवलं म्हणजे परिणाम होतो, आणि कालिदास दाखवतो आहे की सांगून टाकलं तरी होतो.

त्याच गठ्ठ्यात एक देखणं कार्ड होतं. माशाच्या पोटातली अंगठी ही जगभर फिरणारी कल्पना असल्याचं त्यावर म्हटलं होतं, आणि ते खरं आहे. स्टिथ थॉम्प्सननं लोककथांमधल्या अशा कल्पनाबंधांची जी मोठी सूची केली, तिच्यात ‘एन’ या अक्षराखाली, दैव आणि योगायोगाच्या विभागात, तिला जागा आहे. हिरोडोटसनं सांगितलेली सामोसच्या पॉलिक्रेटिसची गोष्ट शेजारी दिली होती. पण पुढे म्हटलं होतं, ‘दोन्हींत अर्थ एकच: हरवलेलं सुख परत मिळतं’. पॉलिक्रेटिसनं अंगठी स्वतःहून समुद्रात टाकलेली असते. फार सुख बरं नव्हे, सगळ्यात प्रिय वस्तूचा त्याग कर, असा सल्ला त्याला इजिप्तच्या राजानं दिलेला असतो. अंगठी माशाच्या पोटातून परत येते तेव्हा तो मित्र घाबरून मैत्री तोडतो, कारण ज्याला टाकलेलंही परत मिळतं त्याचा शेवट वाईट होणार. तसा तो होतोही. मासा तोच, अंगठी तीच, पण एकीकडे ती सुटका आहे आणि दुसरीकडे मरणाची वर्दी.

रामायणाची दोन कार्डं लागोपाठ होती. पहिल्यावर सुवर्णमृग हा ‘रेड हेरिंग’ म्हणून दिला होता. रेड हेरिंग म्हणजे वाचकाला चुकीच्या वाटेला लावणारा माग. रहस्यकथेत निष्पाप माळ्यावर संशय वळवतात तसा. पण हरिण म्हणजे मारीच हे वाल्मीकी आपल्याला आधीच सांगून बसलेले आहेत, आणि लक्ष्मणालाही संशय येतो. फसते सीता, आपण फसत नाही. कोण फसतं आहे, पात्र की वाचक, हा प्रश्न मी आता प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवते. दुसऱ्या कार्डावर लक्ष्मणरेषा. ‘निषेध आणि त्याचं उल्लंघन’ हे शीर्षक बरोबर. रशियन परीकथांची मोडणी करताना व्लादिमीर प्रॉपनं १९२८ साली जे एकतीस टप्पे सांगितले, त्यांतही हे दोन अगदी सुरुवातीला येतात. उदाहरणाखाली मात्र ‘वाल्मीकी रामायण’ असं लिहिलेलं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाही. ती पुढच्या काळातल्या रामकथांनी ओढली. तिथेही प्रश्न तोच: रेषा घातल्यानं काय बदललं? सीतेच्या हरणात सीतेची चूक शिरली. एवढी मोठी गोष्ट चुकीच्या नावाखाली खपवायची?

सगळ्यात जास्त वेळ गेला चौथ्या भिंतीवर. १७५८ साली दिदेरोनं नाटककारांना आणि नटांना सांगितलं, की रंगमंचाच्या कडेला मोठी भिंत आहे आणि पलीकडे प्रेक्षक नाहीत असं समजा. ही कल्पना युरोपातल्या वास्तववादी नाटकानं मनावर घेतली. पात्रानं थेट प्रेक्षकाशी बोलणं म्हणजे ती भिंत मोडणं. कार्डावर उदाहरण: ‘घाशीराम कोतवाल’मधला सूत्रधार.

हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. मोडायला भिंत आधी असावी लागते. कीर्तनकार आख्यान थांबवून समोरच्या म्हाताऱ्याला प्रश्न विचारतो. तमाशातला सोंगाड्या पुढच्या रांगेशी बोलतो. संस्कृत नाटक तर सूत्रधार-नटीच्या बोलण्यानंच सुरू होतं. आपल्याकडे समोर बसलेला माणूस पहिल्यापासून खेळात आहे. १९७२ साली तेंडुलकरांचं नाटक जब्बार पटेलांनी उभं केलं तेव्हा त्यांनी याच परंपरेतून सूत्रधार घेतला, आणि भिंत म्हणाल तर माणसांची उभी केली, डोलणारी, गाणारी, हवं ते झाकणारी. त्यांनी भिंत मोडली असं लिहिलं की त्यांनी बांधलेली भिंत दिसेनाशी होते. त्या कार्डावर मी ‘फँड्री’ सुचवला. तिथे सिनेमाभर आपण काचेपलीकडून बघावं तसं बघत असतो, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेनं येतो. तिथे भिंत होती, म्हणून ती फुटली.

उदाहरणं जमवणाऱ्यांपैकी एक मुलगा मला म्हणाला, “बाई, नाव कळलं म्हणजे झालं ना? एवढं कोण बघतंय?” तो मुलगा कष्टाळू आहे, त्यानं पदरमोड करून पुस्तकं आणलेली आहेत. त्याला मी एका कार्यशाळेतली गोष्ट सांगितली. तिथे ऊसतोड कामगाराच्या घरातल्या मुलानं कथा लिहिली होती. पहिल्या परिच्छेदात खोपीत कोयता, शेवटच्या परिच्छेदात त्याच कोयत्यानं बापाचा खून. वर लिहिलेलं, ‘चेकॉव्हची बंदूक वापरली आहे’. मी विचारलं, पहिल्या परिच्छेदातला कोयता काढला तर? तो विचार करून म्हणाला, काहीच नाही, ऊसतोड्याच्या खोपीत कोयता असतोच. मग त्यानं फिरून लिहिली. नव्या कथेत आई रोज संध्याकाळी, बाप पिऊन यायच्या आधी, कोयता पाचटाच्या छपरात खुपसून ठेवते. शेवटी बाप येतो, झोपतो, कोयता छपरातच राहतो. वाचताना माझ्या हाताला घाम आला होता. चेकॉव्हनं स्वतः ‘सीगल’मध्ये (१८९६) बंदूक चालवली, आधी पक्ष्यावर आणि शेवटी पडद्याआड माणसावर. पण ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये (१९०४) एकाजवळ पिस्तूल आहे, एकीजवळ बंदूक आहे, आणि नाटकभर एकही गोळी सुटत नाही. कोयत्याच्या मुलानं चेकॉव्ह वाचलेला नव्हता. ‘का’ विचारल्यावर तो आपला आपण तिथे पोचला.

म्हणून माझा हट्ट आहे, आणि प्रकाशकांना मी तो लेखी कळवला आहे. नुसतं नाव आणि नुसतं उदाहरण असलेलं एकही कार्ड छापू नये. प्रसंग कुठला, त्यात ती युक्ती कुणावर चालते आणि ती काढली तर काय उरतं, एवढं लिहिता येत नसेल तर कार्ड रद्द. अशी ९० कार्डं मी बाजूला काढली आहेत. पुस्तक बारीक होईल, होऊ दे. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगणं हेच आहे, की उत्तरपत्रिकेत ‘हे अमुकचं उदाहरण’ एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका. ओळखण्याला एक गुण द्या, कारणाला तीन.

एक कार्ड अजून वादात आहे. ‘कलाटणी: सैराटचा शेवट’. तिन्ही मुलांचं मत, की माहेरच्या भेटवस्तू घेऊन आलेली माणसं बघून आपण निर्धास्त होतो आणि मग धक्का बसतो, म्हणजे कलाटणीच. माझं म्हणणं, की आर्चीनं आईला केलेला तो फोन ही पेरणी आहे, ज्यात ती लेकरालाही बोलायला लावते. घर त्या फोनमधून सापडतं, आणि तो फोन मायेपोटी केलेला आहे. फोन काढला तर शेवट उरत नाही. मुलांना हे पटलेलं नाही. येत्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन येणार आहेत, सिनेमा पुन्हा पहिल्यापासून बघायचा ठरलं आहे. टेबल रिकामं नाही, म्हणून सतरंजी खाली अंथरावी लागेल.